कापडी बाहुल्या, त्यांचे दागिने आणि ढाळजेतला स्टुडिओ

ढाळजवाली

मागं या मंचावर हस्तकलेच्या धाग्यावर (चर्चेत) माझ्या नऊवारीतल्या बाहुलीचा फोटो टाकला होता. कौतुक झालं, आणि पाठोपाठ "बाहुलीला एवढे पैसे?" हेही झालं. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र लांबलचक आहे.

मी परभणीची. सासरचा वाडा जुना, माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा. त्याची ढाळज, म्हणजे दाराजवळची बसायची जागा, हाच माझा स्टुडिओ. (स्टुडिओ म्हटलं की सासूबाई हसतात. त्यांच्या लेखी ती ढाळजच, आणि दुपारी शेजारपाजारचं कुणी आलं की माझ्या मशीनला खेटून बसणार.) तोंड उत्तरेला असल्यामुळं दिवसभर ऊन आत येत नाही, उजेड मात्र सारखा राहतो. धाग्याच्या छटा जुळवायला असाच उजेड लागतो. त्रास धुळीचा. उन्हाळ्यात माळवदातून बारीक माती झडत राहते, म्हणून टेबलावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधलीय.

अंगाचं काम पटकन सांगून टाकते. मांजरपाट आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर नंतर आटतं. तुरटीच्या पाण्यातून काढून मग चहात किंवा कातात रंगवायचं. चहानं गव्हाळ रंग येतो, कातानं सावळा. दुकानात 'स्किन कलर' म्हणून जे कापड मिळतं ते गुलाबीसर असतं. तसल्या रंगाची बाई मी परभणीत तरी पाहिलेली नाही. कापड उभ्या धाग्यावर कापायचं, म्हणजे भरताना मान ताणून लांब होत नाही. शिलाईचा टाका दीड मिलिमीटरचा ठेवायचा. भरायला फायबर, तेही बारीक पुंजके करून. कापूस इथं दारात पिकतो, तरी मी तो फक्त पायांत भरते, खाली वजन राहावं म्हणून. अंगात भरला की काही दिवसांनी गाठी होतात आणि पावसाळ्यात तो ओल धरतो.

काम खरं सुरू होतं ते लुगड्यापासून. माझी बाहुली माणसाच्या एक षष्ठांश मापाची, म्हणजे साडेपाच फुटी बाई अकरा इंचांत बसते. त्याच हिशेबानं नऊ वार लुगडं साधारण एक मीटर सदतीस सेंटिमीटरचं होतं आणि पन्हा आठ इंचांचा. गंमत अशी की लांबी-रुंदी लहान करता येते, कापडाची जाडी काही लहान होत नाही. मोठ्या बाईला घालतो तितक्या निऱ्या घातल्या तर बाहुलीच्या पोटावर पोतं बांधल्यासारखं दिसतं. म्हणून लुगडं तोडावं लागतं. समोरच्या निऱ्या वेगळ्या, कासोटा वेगळा, पदर वेगळा, आणि आतले न दिसणारे वेढे कापून टाकायचे. निऱ्या साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवायच्या, थर्माकोलवर टाचण्यांनी रोवायच्या, वाळू द्यायच्या. मग सगळं अंगावर असं शिवायचं की तोडलंय हे कळू नये. कापड मलमल किंवा जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती लुगडं. नवं कडक सूत इथं चालत नाही.

पैठणीचा पेच वेगळाच. गिऱ्हाइकाला बाहुलीच्या अंगावर 'खरी' पैठणी हवी असते. खऱ्या पैठणीचा रुंद काठ बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत येतो, आणि पदरावरचा एकच मोर तिची अख्खी पाठ व्यापतो. म्हणून मी जुन्या पैठणीच्या अंगातली बारीक बुट्टी तेवढी घेते आणि काठ स्वतः भरते, भरतकामाच्या सहापदरी लडीतला एकच पदर सोडवून. संभाजीनगरचं हिमरू दिसायला फार सुंदर, पण त्याच्या उलट्या बाजूला धागे मोकळे सुटलेले असतात आणि एवढ्याशा तुकड्यात कडा उसवत जातात. त्यापेक्षा मशरू बरं. वरून रेशीम, आतून सूत, आणि दुमडलं की दुमडलेलं राहतं.

दागिन्यांबद्दल कुणी विचारलं तर लिहीन, नाहीतर हा लेख संपायचा नाही. इथं अजून कुणी बाहुल्या करतं का? मराठवाड्यातलं कुणी?

---

जोंधळा

ताई, मी नांदेडचा. बाहुल्या नाई करत, पण लहानपणी धाटाच्या बैलगाड्या लई केल्या. जोंधळ्याचं धाट सोलायचं, आतला भेंड चाकासाठी आणि वरच्या चोयट्या जोडायला. खिळा नाई, डिंक नाई. आताची पोरं कडबाच बघत नाईत तर गाडी कुठून करतील.

एक विचारायचं होतं. तुमच्या त्या फोटोत बाहुलीपुढं जातं, चूल, उखळ दिसलं. ते कशाचं? आमच्या शेतातली काळी माती चालंल का? पोळ्याला बैल करतो आम्ही तिचे.

---

ढाळजवाली

जोंधळादादा, पोळ्याच्या बैलाला चालते कारण तो चार दिवस टिकला तरी पुरे असतो. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळंच. एवढंसं जातं केलं तर वाळता वाळता दोन तुकडे होतात. आमच्या इथले कुंभारकाका तळ्याचा गाळ, राख आणि लीद मळून माती तयार करतात. तिची चूल भेगाळत नाही.

जातं मात्र मी कागदाच्या लगद्याचं करते. आपल्याकडं पूर्वी घरोघरी लगद्याची टोपली करायच्या तोच प्रकार: कागद भिजवून कुटायचा, त्यात मेथ्यांचं पीठ. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कीडही कमी लागते. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासून काळा-करडा रंग, वर टोकदार सुईनं बारीक खाचा पाडायच्या, जात्याला टाकी लावणाऱ्या बाईनं पाडल्यासारख्या. काही जण लगद्यात मोरचूद घालतात, बुरशी येऊ नये म्हणून. ते विष आहे. लहान मूल हात लावणार असेल तर अजिबात नको.

आणि तुमच्या भेंडाची आयडिया मी उचलतेय. वासुदेवाच्या टोपीचा आतला साचा करायला हलका भेंड मस्त राहील. वरून लाखेचं पॉलिश दिलं की कीड लागायची नाही.

---

हिशेबी_माणूस

लेख आवडला. तरी सरळ विचारतो, राग मानू नये. लग्नाच्या बस्त्यात मिळणारी सोनेरी लेस लावली, पत्र्याचे तयार दागिने चिकटवले, तर तीच बाहुली निम्म्या किमतीत जाईल. काठ हातानं भरला की मशीनवर, हे शोकेसमधल्या बाहुलीत कोण बघतं? गिऱ्हाईक चेहरा बघतं.

---

ढाळजवाली

गिऱ्हाईक चेहरा बघून थांबतं हे खरंय. विकत घेतं ते दागिने बघून. प्रदर्शनात मी पाहते ना. बायका बाहुली हातात घेतात, तिला उलटी करतात, अंबाडा बघतात, मग नाकाकडं जातात: "अगं, नथ आहे!" तिथं सौदा होतो.

आता नथीचंच घ्या. बाजारात बाहुलीसाठी मिळणारी नथ म्हणजे खरी नथच, फक्त थोडी लहान केलेली. ती बाहुलीच्या ओठांवरून हनुवटीपर्यंत लोंबते. मी बत्तीस गेजची तार घेते, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. त्यावर सगळ्यात बारीक मोती, मधे एक लाल मणी. तार दोनदा वाकवली की तुटते, त्यामुळं पहिल्याच फटक्यात आकार जमावा लागतो.

गळ्यात काय घालायचं हे बाहुली कुठली आणि कुठल्या वयाची त्यावर ठरतं. म्हातारीला गरसोळी आणि डोरलं. बाकी काही नको, हातात पाटल्या फार तर. लग्नातल्या बाईला ठुशी, बोरमाळ, एकदाणी, वाकी. बोरमाळेचे मणी मोहरीएवढे दिसायला हवेत. तेवढे पोकळ मणी मिळत नाहीत, म्हणून एअर-ड्राय (हवेवर वाळणाऱ्या) क्लेच्या गोळ्या वळून, सुईनं भोक पाडून, सोनेरी रंग देते. जोडवी तारेचीच. कुंकू ॲक्रिलिकचं, कारण खरं कुंकू कापडात पसरतं.

आणि चिकटवण्याबद्दल. झटपट सुकणारा डिंक दागिन्याशेजारी लावला की भोवती पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो, त्याच्या वाफेनं. काळ्या मण्यांवर तर लगेच दिसतो. म्हणून मी शक्य तिथं शिवते, चिकटवत नाही.

माझ्या किमतीत निम्म्याहून जास्त वेळ हा दागिन्यांचा आणि लुगड्याचा आहे. अंग सगळ्या बाहुल्यांचं एकच असतं. ते एकच अंग पैठणची सवाष्ण होतं की तुळजापूरची आराधीण (देवीची सेवेकरी), हे ठरतं परडीवर, कवड्यांच्या माळेवर, मळवटावर. तेच काढून टाकायचं तर मग उरलं काय?

---

तेरणाकाठ

हिशेबी राव, दागिन्यांवर जीव ओतायची खोड आपल्या भागात फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात बघा. तेर म्हणजे जुनं तगर, रोमन व्यापाराच्या काळातलं मोठं बाजाराचं गाव. तिथं सातवाहन काळातल्या केओलिनच्या म्हणजे पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत, पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, आतून पोकळ. आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात जी प्रसिद्ध हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी तेरच्या आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तींचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, म्हणजे हे काम त्याच्या आधीचं.

पॉम्पेईच्या त्या मूर्तीच्या अंगावर कापड जवळपास नाही, पण दागिने बघा: हातभर बांगड्या, कमरपट्टा, पायांत जाड वाळे. त्या कारागिरालाही कुणी तरी म्हटलं असेल, एवढं कोरायची काय गरज.

---

हिशेबी_माणूस

:) हरलो. पण त्या कारागिराला कुरियरचा खर्च नव्हता.

---

तांड्यावरची

मी हिंगोली जिल्ह्यातली, बंजारा समाजाची. ढाळजवाली ताई, तुमचं काम सुंदर आहे म्हणूनच लिहितेय. बंजारा बाहुल्या सगळीकडं विकतात आणि त्यातल्या बहुतेक बघवत नाहीत. लाल घागरा, त्यावर टिकल्या, झाली बंजारा बाई. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), टुकरी (ओढणी) हे तीन वेगळे कपडे आहेत. कांचळीची पाठ उघडी असते, नाड्यांनी बांधतात. बाहुलीवाले तिला साधं पोलकं चढवतात. केसांतली घुगरी लग्न झालेल्या बाईचीच असते; ती लहान मुलीच्या बाहुलीला लावलेली मी पाहिलीय. हातात बलिया कोपराच्या वरपर्यंत असतात, आणि बाहुलीला दोन बांगड्या घालून मोकळे.

तुम्ही करता का बंजारा बाहुली? करत असाल तर भरतकाम कोण करतं?

---

ढाळजवाली

ताई, बरं झालं लिहिलंत. करत नाही, आणि कारण तेच आहे. मला तो टाका येत नाही. बघून बघून जमवता येईल, पण लांबून बंजारा दिसावं एवढंच त्यात साधेल. मागणी मात्र सारखी येते, विशेषतः पुण्या-मुंबईहून.

माझ्या डोक्यात असं आहे: अंग आणि चेहरा मी करावा, कपडे तांड्यावरच्या बायकांकडून भरून घ्यावेत, नगावर मजुरी ठरवून. आणि चिठ्ठीवर दोघींचं काम आहे हे लिहावं. अडचण मापाची आहे. खरा आरसा बाहुलीच्या फेटियावर टाकला तर एका आरशातच अर्धा घेर जातो. चमकी चालेल का? की ते तुम्हाला खोटं वाटेल?

---

तांड्यावरची

चमकी चालेल, पण टाका आरशाचाच हवा, म्हणजे भोवतीनं कडं भरलेलं. नुसती मधे भोक पाडून शिवलेली चमकी नको. कवड्या बारीक मिळतात, पण त्याही मोठ्याच पडतील. माझी याडी (आई) म्हणते कवडीऐवजी पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मार, लांबून कवडीच वाटते. तिचे डोळे आता एवढं बारीक भरायला साथ देत नाहीत, पण सांगायला ती पक्की आहे. आमच्याकडं दोघी-तिघी भरणाऱ्या आहेत. मजुरी आधी ठरू द्या, मग नमुना.

---

ढाळजवाली

मजुरी आधीच. व्यनि (खासगी निरोप) करते.

---

माहेर_अंबाजोगाई

धागा वाचून आईची आठवण आली. आमच्याकडं महालक्ष्म्यांची बाळं ती घरीच करायची, कापडाची. ज्येष्ठा-कनिष्ठा तर कोठ्यांवर (धडाच्या जागी ठेवतात त्या) उभ्या, मुखवटे पितळेचे, पण समोरची पिलवंडं दर दोन-चार वर्षांनी नवी. एकाला टोपडं, दुसऱ्याला कुंची. कुंचीला गोंडे. आता बाजारात प्लास्टिकची मिळतात, निळ्या डोळ्यांची. ज्येष्ठेच्या पुढ्यात निळ्या डोळ्यांचं बाळ बघून मला कसंतरीच होतं.

तुम्ही महालक्ष्म्यांचं काही करता का?

---

ढाळजवाली

करते म्हणजे काय, श्रावण लागला की दुसरं काही होतच नाही. बाळांची मागणी तर असतेच, पण जास्त करून मुखवट्यांचे दागिने नीट करून द्या, हात करून द्या, असली कामं. जुन्या मुखवट्यांना नुसत्या कोठ्या असतात, आणि हल्लीच्या सुनांना हात हवे असतात, त्यात पंचारती धरलेले. ते हात मी तारेच्या सांगाड्यावर कापडाचे करते. प्रत्येक बोटात वेगळी तार, म्हणजे हवं ते धरता येतं.

इथं माप उलटं होतं. बाहुलीत सगळं बारीक करायची सवय, आणि महालक्ष्मीला मोठ्या बाईचीच साडी, मोठ्या बाईचाच साज. पहिल्या दिवशी हात अडखळतो. पण गौरी उठल्या की भाद्रपदात परत नथीच्या तारेकडं यायला जड जातं, ते वेगळंच.

निळ्या डोळ्यांबद्दल सहमत. डोळे काळे किंवा तपकिरी, आणि लहान बाळाचे डोळे चेहऱ्याच्या निम्म्याच्या खाली काढायचे. मोठ्या माणसाचे बरोबर मध्यावर येतात. एवढं पाळलं तरी बाळ बाळासारखं दिसतं. बहुतेक कापडी बाळं छोट्या आकाराची मोठी माणसं दिसतात ती त्यामुळं.

---

नवशिकी_लातूर

नमस्कार. मला बाहुल्या शिकायच्या आहेत. कापडापेक्षा मला चेहरा घडवायला आवडेल. यूट्यूबवर सगळे पॉलिमर क्ले म्हणतात. लातूरच्या उन्हाळ्यात एअर-ड्राय क्ले तडकते असं एकीनं सांगितलं. काय घेऊ? आणि बाहुलीचे केस कशाचे करता?

---

ओव्हनवाली

मी पॉलिमर क्लेचं काम करते, माहेर उदगीर, सध्या पुणे. पॉलिमर क्ले हवेवर वाळत नाही, भाजावी लागते. बहुतेक कंपन्या १३० अंश सेल्सियसच्या आसपास, सहा मिलिमीटर जाडीला साधारण पंधरा मिनिटं सांगतात, पाकिटावरचं वाचायचंच. घरातल्या छोट्या ओव्हनची चकती जे आकडे दाखवते त्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या, स्वस्त मिळतो. तापमान वर गेलं तर क्ले करपते आणि तिचा धूर वाईट असतो, कारण त्यात पीव्हीसी आहे. स्वयंपाकाचा ओव्हन याला वापरू नये हे माझं मत.

डोकं भरीव करू नका. आत ॲल्युमिनियम फॉईलचा घट्ट गोळा, वर क्लेचा थर. क्ले कमी लागते आणि सगळीकडं सारखी भाजली जाते.

---

ढाळजवाली

ओव्हनवाली म्हणतात ते बरोबर. फक्त नवशिकी, आपल्याकडं ऐन भाजण्याच्या वेळी लाईट जाते हे गृहीत धर. अर्धवट भाजलेला तुकडा टाकून देऊ नको, परत पूर्ण वेळ भाजता येतो.

एअर-ड्राय क्ले लातूरला तडकते कारण बाहेरून भराभर वाळते आणि आत ओली राहते. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवायचीच नाही. प्लास्टिकची पिशवी सैल गुंडाळून घरातल्या कोपऱ्यात, माठाजवळ ठेव. हळू वाळली तर तडकत नाही. थर पातळ ठेव, आणि भेग पडलीच तर तीच क्ले पाण्यात कालवून भर. मी सांगेन, पहिला चेहरा कापडावरच कर, रंगवून. स्वस्त पडतं, आणि डोळ्यांची जागा, नाकाची लांबी याचा हात बसतो.

केसांचं: बाजारात गंगावन मिळतं ते घे, पण तसंच लावू नको, माणसाचा केस बाहुलीला जाड दिसतो. गंगावनाचे पदर सोडवून, थोडे थोडे पट्टीवर शिवायचे. मला रेशमी भरतकामाचा काळा धागा जास्त आवडतो, उकलून, ओल्या फडक्यानं सरळ करून. म्हातारीला मात्र अंबाडीचं वाख. हो, भाजीची ती अंबाडी, तिच्याच खोडाचे तंतू. भिजवून विंचरलं की पिकल्या केसांचा नेमका तो पिवळट पांढरा रंग येतो, आणि अंबाडा बांधला की सुटत नाही. बाजारातल्या कुठल्या लोकरीत तो रंग मला मिळालेला नाही.

---

जोंधळा

आमच्या आज्जीच्या केसांचा रंग तसाच व्हता बगा. अंबाडी आमच्याकडं बांधाला असते. पाहिजे तर वाख धाडतो, पैसे नको.

---

ढाळजवाली

पैसे देणार. धाडा.

---

कायद्याचं_पान

कुणी विषय काढला नाही म्हणून. विकायला बाहुल्या करताय तर हे माहीत असू द्या. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२० चा आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह लागतं. पण केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडं नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या आणि विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. तसंच भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत नोंदणीदारांनाही. म्हणजे कारागीर ओळखपत्र काढून ठेवणं शहाणपणाचं.

सूट असली तरी सुरक्षिततेची अक्कल आपली आपण वापरायची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा होऊ शकणारा भाग किती लहान चालत नाही हे तपासायला एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. त्यात पूर्ण बसणारा भाग धोक्याचा. ढाळजवालीताईंची नथ त्यात कितीदा बसेल मोजा.

---

ढाळजवाली

अगदी बरोबर. म्हणूनच माझ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'शोभेची बाहुली, लहान मुलांसाठी नाही' असं असतं. खेळायच्या बाहुल्या मी वेगळ्या करते: दागिने सगळे भरतकामाचे, डोळे भरलेले, एकही मणी नाही, लुगडं अंगालाच शिवलेलं. त्या स्वस्तही पडतात. हिशेबी राव, घ्या, तुमचं उत्तर इथं होतं आणि मी लिहायला विसरले.

---

हिशेबी_माणूस

मग तेच वाढवा ना. खेळायची बाहुली स्वस्त, तिच्यासोबत वेगळं विकायला लुगड्यांचा जोड, वासुदेवाचा वेश, वारकऱ्याचा वेश, टाळ-वीणा-पताका. पोरी कपडे बदलत बसतील, आई दर दिवाळीला नवा वेश घेईल. परदेशी कंपन्या हेच करतात. बाहुली एकदा विकतात, कपडे आयुष्यभर.

---

ढाळजवाली

कल्पना चांगली आहे, वाटतं तेवढी सोपी नाही. पोरीला घालता-काढता यायला नऊवारीला मागं वेल्क्रो किंवा टिचबटण हवं. वेल्क्रो पातळ मलमलीला ओढून धागे काढतं. टिचबटण जाड. पाचवारी आणि परकर-पोलकं जमेल, परकराला इलॅस्टिक घालून. वासुदेव तर सरळ जमेल, अंगरखा आणि टोपी. नऊवारीचं अजून डोक्यात बसलेलं नाही. मागं कासोट्याखाली पातळ हूक लपवता येईल का बघते.

पण अंगाचं माप तुमच्यामुळं आता पक्कं करावं लागेल. आत्तापर्यंत प्रत्येक बाहुली भरताना थोडी इकडं-तिकडं झाली तरी चालायची, कारण कपडे तिच्याच अंगावर बेतलेले. बदलायचे कपडे म्हटलं की कंबर सगळ्यांची एक हवी. म्हणजे फायबर तोलून भरायला लागणार. स्वयंपाकघरातला काटा ढाळजेत येणार, आणि सासूबाई काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

---

माहेर_अंबाजोगाई

परकर-पोलक्याची पहिली बाहुली मला. भाचीसाठी. पोलकं खणाचं.

---

ढाळजवाली

खण बाहुलीला जाड पडतो, आणि त्याची नक्षी मोठी. काठाचा तेवढा खण लावते, अंग सुती. चालेल?

---

माहेर_अंबाजोगाई

चालेल. हिरवं हवं.

---

नवशिकी_लातूर

चेहरा कापडावर रंगवला. नाक खूप लांब आलं. फोटो टाकू का?

---

ओव्हनवाली

टाक. नाकाचं टोक डोळे आणि हनुवटी यांच्या मधे येतंय का ते आधी पट्टीनं बघ. खाली गेलं असेल तर नाक पुसत बसू नको, ओठ आणि हनुवटी खाली घे. कापडाचं डोकं आहे, टीप पाव इंच खाली मारता येते.

---

तांड्यावरची

ढाळजवाली ताई, व्यनि मिळाला. मजुरीचं बायकांना पटलंय. फेटियाचा घेर किती इंच ठेवायचा आणि कंबरेची पट्टी किती रुंद ते कळवा. बलिया तुम्ही करणार की आम्ही? पांढऱ्या वायरचं आवरण कापून एक करून पाहिली, बाहुलीच्या दंडाला बरोबर दिसतेय, पण तुमच्या बाहुलीच्या हाताची जाडी माहीत नाही. एक रिकामा हात पाठवून द्या.

---

ढाळजवाली

हात उद्या पोस्टानं टाकते, दोन टाकते, एक डावा एक उजवा. घेर चोवीस इंच धरा, पट्टी अर्ध्या इंचाच्या वर नको. वायरची आयडिया फारच आवडली. कोपराच्या वरच्या बलिया थोड्या मोठ्या लागतील. दंड मनगटापेक्षा जाड भरलेला आहे, ते मापून बघा.